इतर हक्क

सुवैकच्या या अंगाला समुद्र ऐकू येत नाही,
विहिरीत चाखता येतो फक्त.
दर वर्षी थोडा जास्त.

खल्फान गेला त्या सकाळी मी भेंडी तोडत होतो.
भेंडी दिवसाआड तोडावीच लागते,
कोणी मरो, कोणी विको.
चौथ्या महिन्यात मुलांनी मळा विकला.
मला कळलं ते मोजणीच्या फितीवरून:
दोन माणसं, एक फीत,
माझ्या वाफ्यांतून सरळ.

नवा मालक मस्कतचा, हिलाल.
चपला हातात घेऊन आला, भिजतील म्हणून.
खजुरी मोजल्या. बासष्ट.
मग लिंबं. "ही कोणी लावली?"
मी.
"कोणाला विचारून?"
आता खल्फानला कुठे जाऊन विचारू?
नऊ रोपं त्यानेच आणली होती, ओल्या गोणपाटात,
म्हणाला होता, झाड माझं, सावली तुझी,
लिंबू ज्याच्या हाताला लागेल त्याचं.
हे कुठे लिहिलेलं नाही.

लिहिलंय ते एवढंच:
पाच वर्षं, त्यातली दोन बाकी,
आणि माझं नाव, ब ने सुरू होणारं.
परशुराम या लिपीत मावत नाही,
तिच्याकडे प नाही.
"हा कागद त्याच्याशी झालेला," हिलाल म्हणाला,
आवाज न चढवता.
"मी जमीन घेतली. माणसं नाही घेतली."

आमच्याकडे खंडाने कसणाऱ्याला कूळ म्हणतात.
घराण्यालाही कूळच.
कोणाला सुचलं असेल हे,
दुसऱ्याची जमीन नांगरणाऱ्याला
घराण्याचा शब्द देऊन टाकायचं?

माझी मैनाआत्या खोताच्या वरकसात नाचणी करायची.
सातबाऱ्यावर होती ती,
इतर हक्कांच्या रकान्यात, नाव अर्धं पुसट.
खोताने जमीन गोरेगावच्या कापडवाल्याला विकली.
तो बघायला आला, तिने पदराला हात पुसले,
म्हणाली, खरेदीत मीपण आल्ये,
खालच्या रकान्यात बघा.
कापडवाल्याने उतारा उलटा धरला, सुलटा धरला,
चहा न घेता गेला.

इथल्या कागदाला तो रकाना नाही.
मी मागची बाजूही बघितली.

पण पंपखोली आहे.
खल्फान पावती देत नसे.
कोळशाने भिंतीवर लिहायचा: महिना, रियाल,
आणि पोचले म्हणून एक आडवी रेघ.
छत्तीस रेघा.
एक अर्धीच आहे, खारं पाणी लागून टोमॅटो बसले तेव्हाची.
बाकीचं त्याने कधी मागितलं नाही.
शेवटच्या तीन वाकड्या.
त्या जुवैनाच्या. तिला लिहिता येत नाही,
नवऱ्यामागे रेघ तेवढी ओढायला ती काठी टेकत यायची.

रंगारी आला तेव्हा डबा उघडून झाला होता.
तीन भिंती पांढऱ्या.
काय म्हणावं ते अरबीत येईना,
मराठीत आलं: अरे थांब.
रंगारी चितगावचा. पण थांबला.

हिलालने फोनचा उजेड भिंतीवर धरला.
ओठ हलवत ओळी वाचल्या.
अर्ध्या रेघेवर बोट: "ही?"
सांगितलं.
वाकड्यांवर बोट: "आणि या?"
तेही सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
पंप चालूच होता,
त्यामुळे बोललाही असेल.
फोटो काढून गेला.

रविवारी आला, गाडीतूनच म्हणाला,
"दोन वर्षं. भाडं बँकेत भर. लिंबांचं नंतर बघू."

बँकेत भरलं. मोबाइल वाजला: पोचलं.
तरी संध्याकाळी कोळशाचा तुकडा शोधला.
सदतिसावी रेघ मी ओढली,
जमेल तितकी सरळ,
आणि शेजारी माझं नाव.
प ने.

लिंबांचं नंतर बघू, म्हणालाय.
त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.
सगळी फुलावर आहेत.